पात्रात लावलेल्या सायकली

बीड जिल्ह्यातल्या माणसाला नदीचं पात्र ही मोकळी जागा वाटते, यात त्या माणसाचा काही दोष नाही. आमच्याकडं पात्रात आठवडी बाजार भरतो. पोरं क्रिकेट खेळतात, टेम्पोवाले टेम्पो लावतात, आणि लग्नाला मांडव पुरला नाही तर पंगतीही तिथंच उठतात. पाणी येतच नाही असं नाही. येतं, पण यायच्या आधी त्याचा लई गाजावाजा असतो. आभाळ भरतं, वरच्या गावातनं फोन येतात, मग आम्ही पुलावर जाऊन उभे राहतो आणि आलेल्या पाण्याचे फोटो काढून पाहुण्यांना पाठवतो. ऊन पडलेलं आहे, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि तरी पात्रात पाणी चढतंय, असं आम्ही जन्मात बघितलेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं आम्हाला हसायची वेळ आली की जरा बेतानं हसाल.

परळीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, तांबं, आणि लग्नसराईत भाड्यानं द्यायची पंगतीची मोठी पातेली. दुकानातली माणसं माझ्या नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. आधी चेष्टेनं म्हणायचे, नंतर ते नावच पडलं. मालक म्हणजे पूर्वी एक पातेलं डाव्या खांद्यावर, एक उजव्या हातात, आणि तोंडानं गिऱ्हाइकाशी भाव, अशी तिन्ही कामं एकदम करणारा माणूस. तरणेपणी सायकलच्या हँडलला दोन्हीकडं कळश्या लटकवून आख्ख्या परळीत माल पोचवायचे. लांबून सायकल दिसायचीच नाही, नुसत्या कळश्या चालत आल्यासारख्या वाटायच्या. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि पाच मिनिटांत दोन्ही खलास.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी, लग्नसराईच्या गर्दीत, त्यांच्या छातीत कळ आली. लातूरला नेलं, स्टेंट बसवला, माणूस घरी आला. पण जो आला तो दुसराच. गल्ल्यावर बसायचे ते बसायचेच. पातेलं उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, नोकरावर ओरडायचं नाही. कुणी उधारी बुडवली तरी "बघू" म्हणायचे. मी दुकानाच्या दारात दिसले की त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा. मी विचारायचे, "बरं वाटतंय ना?" तर हात तसाच ठेवून म्हणायचे, "हो, वाटतंय." मला वाटायचं, भीतीनं माझ्या माणसाला आतनं पार पोखरलं.

मी माझ्या परीनं जे करायचं ते केलं. त्यांचा पलंग वरून खालच्या खोलीत आणला. भाजीतलं मीठ काढलं, लोणच्याची बरणी मागच्या फळीवर सारली. बाजारातून येताना पिशवी त्यांच्या हातात दिसली की काढून घ्यायची. ही पिशवी काढून घ्यायची सवय तर मला इतकी लागली की एकदा देवळात एका परक्याच माणसाच्या हातातनं नारळाची पिशवी ओढली. त्याची बायको माझ्याकडं जे बघत होती ते अजून आठवतं. जिभेखाली ठेवायची गोळी मी कायम पदराच्या गाठीत बांधून हिंडायचे. एवढं सगळं करूनही माणूस दिवसेंदिवस मऊच पडत चाललेला. मला माझा जुना नवरा परत पाहिजे होता, ओरडणारा. देवाला दुसरं काही मागत नव्हते.

मुलगा पुण्याला असतो. दिवाळीचा धंदा उरकल्यावर त्यानं फोनवर जाहीर केलं, "आई, तुमच्या दोघांचं बुकिंग केलंय. कोकणात एक बेट हाय. चार दिवस. तिथं सायकली भाड्यानं मिळतात, आरामात हिंडा."

"सायकल?" मी म्हणलं. "तुझ्या बाबांना जमणार न्हाई ते. त्यांना दम लागतो."

मालक शेजारीच बसलेले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली घातली. मला वाटलं, बघा, बिचाऱ्याला सायकलचं नावही सोसत नाही.

तरी गेलो. बेटाचं नाव सांगत नाही, कारण तिथं आमची आठवण अजून निघत असणार. रात्रीच्या गाडीनं पुणं, तिथून मुलानं बसमध्ये बसवून दिलं, आणि बसमधून उतरल्यावर होडी. सामानात पाण्याचा मोठा कॅन होता. मुलगा पुण्याच्या स्टँडवर कपाळाला हात लावून म्हणला, "आई, चारी बाजूनं पाणी असलेल्या जागी तू परळीहून पाणी घेऊन चाललीस?" मी म्हणलं, "ते खारं असतंय." त्यानं कॅन उचलून बसमध्ये ठेवला. शेवटी तो कॅन बेटावर पोचला आणि आम्ही उतरलो तिथल्या घरमालकिणीनं तो अंगणात ठेवला, बहुतेक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवण्यासाठी.

ही घरमालकीण म्हणजे माझ्याच वयाची बाई. खोचलेली साडी, करवंदासारखे डोळे, आणि बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. तिला आम्ही काकू म्हणायला लागलो, मग तीही मला काकूच म्हणायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं ताज्या माशांची नावं म्हणून दाखवली. आम्ही म्हणलं, आम्ही खात नाही. ती म्हणाली, बरं, मग कोळंबी. म्हणलं, तीपण नाही. मग अंडी? म्हणलं, आम्ही लिंगायत, यातलं काहीच चालत नाही. ती दारातच खाली बसली. "मग तुम्ही बेटावर आलात कशाला?" असं तिनं विचारलं. नंतर मात्र तिनं घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ असं काही करून घातलं की मालकांनी तीनदा वाढून घेतलं. उसळीत मीठ भरपूर होतं. मी त्यांच्या ताटाकडं बघत राहिले, ते माझ्याकडं न बघता जेवत राहिले.

समुद्र मालकांना फारसा पटला नाही. पहिल्या संध्याकाळी मी तिकडं तोंड करून बसले, तर हे समुद्राकडं पाठ करून समोरच्या खानावळीतली भांडी बघत होते. "पत्रा पातळ हाय," म्हणले. थोड्या वेळानं उठून गेले, एक पातेलं हातात घेऊन आले, त्याच्या कडेवर नख घासलं आणि दुखावल्या आवाजात म्हणले, "अगं, इथल्या हवेनं स्टीललाबी गंज चढतो." नवराबायको पहिल्यांदा समुद्रकिनारी बसलेले आणि विषय गंजाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं अंगणात दोन सायकली काढल्या. मी तेलगावची. माहेरी असताना उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत शाळेला सायकलनं जायचे, त्यामुळं मला सायकलची काय भीती. मी पदर खोचला आणि बसले. मालकांना म्हणलं, "तुमी हळू या. चालवायची न्हाई वाटली तर हातात धरून चालत या." ते बसले आणि निघाले. मागून बघितलं तर पाठ ताठ, हँडल सरळ. पण दहा पावलं गेले की मी ओरडायचे, "अहो, चढ हाय, उतरा." ते उतरायचे. "अहो, आता घोटभर पाणी प्या." ते प्यायचे. त्या बेटावर चढ असा फारसा नाहीच, म्हशीच्या पाठीएवढे उंचवटे आहेत, पण प्रत्येक उंचवट्याला मी त्यांना उतरवलं. मागून येणारी शाळेची पोरं आम्हाला ओलांडून गेली, मग त्यांची मास्तरीण, मग एक डोक्यावर लाकडं घेतलेली म्हातारी.

निघताना काकूनं सांगितलं होतं, "तिकडं टोकाला शंकराचं देऊळ आहे. बघून या. पण दुपार व्हायच्या आत परत फिरा हं."

मालक म्हणले, "उन्हाचं म्हणताव होय? काकू, आमी बीड जिल्ह्यातले. तुमचं ऊन आमाला सावलीसारखं हाय." काकू काहीतरी बोलणार होती, पण आम्ही हसत हसत निघालोसुद्धा.

शंकराचं देऊळ म्हणल्यावर आम्हाला जायलाच पाहिजे होतं. वैजनाथाच्या गावची माणसं, आणि घरातून निघून दोन दिवस झालेले. रस्ता संपला तिथं समोर छोटा खडक, त्यावर देऊळ, आणि मध्ये एक रुंद, रिकामं पात्र. ओली वाळू, त्यात एकदोन डबकी. अलीकडच्या काठाला सावली अशी नव्हतीच. पात्राच्या मधोमध एक होडी कलती पडलेली होती आणि तिच्यामागं गार सावली पडली होती. मालकांनी होडीभोवती एक चक्कर मारली, फळीवर टकटक केलं.

"कुणीतरी टाकून दिलेली दिसते," म्हणले. "चांगलं लाकूड हाय. असं नदीत कशाला टाकायचं?"

"मोडली असंल."

"मोडलेली न्हाई. आळशी असतील माणसं."

अशी त्या बेटाच्या माणसांची आम्ही तिथं उभं राहून पारख केली. मग सायकली होडीच्या सावलीत लावल्या, अगदी आपल्या बाजारात लावतात तशा, स्टँडवर, एकीच्या शेजारी एक. मालकांनी आपली तशीच सोडली. म्हणले, इथं कोण नेणार. मी मात्र परळीची. मी माझी सायकल होडीच्या दोरीच्या खुंटाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली डब्याच्या पिशवीत टाकली. पिशवी अर्थातच माझ्या खांद्यावर. पात्र ओलांडून आम्ही देवळात गेलो.

देऊळ लहानसं, गार. दर्शन झालं, मालकांनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. मी काय मागत होते ते सांगितलंच आहे. मग बाहेरच्या ओट्यावर डबा सोडला. घरून केलेले धपाटे होते, टिकावेत म्हणून कोरडे, आणि मालकांसाठी बिनमिठाचे वेगळे. त्यांनी एक घास खाल्ला, समुद्राकडं बघितलं आणि म्हणले, "एवढं मीठ पडलंय समोर." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

जेवण झाल्यावर ते म्हणले, "चल, निघू. काकू म्हणली होती लवकर फिरा."

"जेवल्यावर लगेच सायकल? न्हाई. पडा जरा घटकाभर."

"मला झोप न्हाई आली."

"झोपू नका. नुसतं पडा."

ते पडले. वाऱ्यानं माझाच डोळा लागला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, जाग आली ती मालकांच्या आवाजानं. आवाज शांत होता, दुकानात गिऱ्हाइकानं पोचा पडलेलं भांडं परत आणल्यावर असतो तसा.

"ऊठ गं. ती टाकून दिलेली होडी उभी राहिली."

मी बघितलं. होडी सरळ उभी होती. उभी कसली, डुलत होती. तिच्याखाली पाणी होतं, तिच्या पलीकडं पाणी होतं, अलीकडं पाणी होतं, आणि आमच्या दोन सायकली चाकाच्या आऱ्यांपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. वर स्वच्छ ऊन. आभाळात ढग नाही. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वर आभाळाकडं बघितलं. पाऊस कुठं पडला हे शोधत होते.

"धरण सोडलं की काय?" मी म्हणलं.

"समुद्राला कुठलं धरण," असं म्हणेपर्यंत मालकांनी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या गळ्यात अडकवली, माझं मनगट धरलं आणि पाण्यात उतरले. इतकं पटकन झालं की पिशवी परत घ्यायचं मला सुचलंच नाही. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. साडी पायात अडकत होती. आमच्या दोघांच्या आयुष्यात इतकं पाणी एका जागी कधी अंगाला लागलं नव्हतं. मला पलीकडच्या काठावर उभं करून, पिशवी तिथं टाकून, हा माणूस परत फिरला.

"अहो, कुठं चाललाव?"

"काकूच्या सायकली हायेत."

"राहू द्या सायकली. भरून देऊ. या परत."

ते होडीपर्यंत पोचले होते. पाणी आता कमरेजवळ. त्यांनी आपली सायकल एका झटक्यात वर काढली आणि खांद्यावर घेतली, पंगतीचं पातेलं घेतात तशी. मी काठावर उभी राहून ओरडत होते. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणलं, "सोडा ती. वजन उचलायचं न्हाई सांगितलंय डॉक्टरनं."

"कोणत्या डॉक्टरनं?" त्यांनी पाण्यातूनच विचारलं.

त्यांनी सायकल आणून काठावर टाकली आणि माझी आणायला परत वळले. "किल्ली दे," म्हणले. मी पिशवीत हात घातला. डबा, नॅपकिन, पाण्याची बाटली, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, सगळं हाताला लागत होतं, किल्ली लागत नव्हती. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं आता इथंच पडणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि म्हणले, "जाऊ दे. ती तू चांगली बांधलीस. कुठं जात न्हाई." आणि माझ्याशेजारी वाळूत बसले.

मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेहरा लाल होता, कपाळावर घाम होता. मी पदराची गाठ सोडली, गोळी काढायला. गोळी नव्हती. पाण्यात भिजून तिचं पीठ झालं होतं आणि पदराला पांढरा डाग पडला होता. मी तो डाग बोटानं खरवडायला लागले. तेव्हा मालक हसायला लागले. दीड वर्षात मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पोट धरून हसत होते.

"अगं, ती गोळी तू घे," म्हणले. "मला कशाला देतीस? आरशात तोंड बघ तुझं."

"हसता काय? काही झालं असतं म्हणजे?"

"काय झालं असतं? सहा महिन्यांखाली लातूरला गेलतो आपण, आठवतं का? डॉक्टर काय म्हणले? सगळं ठीक हाय, जिने चढा, सायकल चालवा, धंदा करा. तू शेजारीच बसलीवतीस."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"डॉक्टरला काय जातंय म्हणायला."

माझ्या सायकलचं आता नुसतं हँडल आणि सीट दिसत होतं.

"त्याच दिवशी घरी आल्यावर मी माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला शिडी चढलो," ते म्हणले. "मला काही झालं न्हाई. लई बरं वाटलं. खाली बघितलं तर तू शिडी धरून उभी, आन तुझा चेहरा असा पांढरा पडलेला की मला वाटलं, अटॅक हिलाच येतोय. उतरलो तसाच. म्हणलं, राहू दे. हिची भीती गेली की चढू."

"आन मग?"

"मग काय. वाट बघत बसलो गल्ल्यावर."

एवढे दिवस मी ज्याला माणसाची भीती म्हणत होते, ती त्या माणसाची नव्हतीच. ती माझी होती, आणि ती जायची वाट बघत तो माणूस मुकाट्यानं बिनमिठाची भाजी खात बसला होता.

"मग छातीवर हात कशाला ठेवायचाव, मी दिसले की?" मी विचारलं.

"तू विचारणार बरं वाटतंय का. हात लावून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा लई राग आला. "सांगायचं न्हाई का तोंडानं?" मी म्हणलं. "एवढी बडबड असते दुकानात."

"सांगितलं असतं तर तू पुण्याचा डॉक्टर गाठला असतास."

हे खरं होतं. मी पदरानं डोळे पुसले, त्या गोळीचं पीठ डोळ्यात गेलं, आणि मग ते धुवायला परत त्याच पाण्याकडं जावं लागलं.

परत जायला एकच सायकल उरली. मालक म्हणले, "बस मागं." मी म्हणलं, "डबलसीट? या वयात? वजन बघितलंय का माझं?" ते म्हणले, "पंगतीच्या पातेल्यापेक्षा कमीच असंल, बस." मी ओल्या साडीनं कॅरिअरवर बसले. लग्न झाल्यावर नव्या नवलाईत एकदा वैजनाथाच्या दर्शनाला अशी गेले होते, त्यानंतर आत्ताच. ते निघाले. म्हशीच्या पाठीएवढा पहिला उंचवटा आला, आणि माझ्या तोंडात "उतरा" आलं होतं, ते मी गिळलं. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ओल्या सदऱ्यातून त्यांचं काळीज हाताला लागत होतं. जोरात चालत होतं. चांगलं चालत होतं. घरापर्यंत मी तो हात काढला नाही. वाटेत सकाळची ती लाकडंवाली म्हातारी दिसली, आणि या वेळी आम्ही तिला ओलांडून गेलो.

अंगणात काकू कमरेवर हात ठेवून उभीच होती. एक सायकल, दोन ओली माणसं, एवढ्यावरून तिला सगळं कळलं. "होडी कलती पडलेली बघून तुम्हाला काय वाटलं?" तिनं विचारलं. मालकांनी खरं सांगितलं, की टाकून दिली असं वाटलं. काकूनं ते शेजारणीला हाक मारून सांगितलं, शेजारणीनं तिच्या नवऱ्याला सांगितलं, आणि होडी नेमकी त्याचीच निघाली. रात्रीच्या जेवणाला तो मुद्दाम येऊन बसला आणि बीड जिल्ह्यात टाकून दिलेल्या होड्या किती असतात याची चौकशी करून गेला. सायकलची काळजी मात्र कुणी केली नाही. सकाळी पाणी उतरलं की मिळेल, म्हणाले.

सकाळी गेलो तर पात्र परत आपल्या ओळखीचं, कोरडं. होडी परत कलती. आणि तिच्या शेजारी माझी सायकल आपली स्टँडवर उभी, साखळीनं बांधलेली, कुलूप लावलेलं, अगदी आपल्या बाजारात उभी असावी तशी. फक्त हँडलला शेवाळाची एक माळ अडकली होती, आणि साखळीत, गिअरात, सगळीकडं वाळू. किल्ली रात्री शेंगदाण्याच्या चटणीच्या पुडीत सापडली होती, ती लावली. चाकं फिरेनात. ढकलून नेणं शक्य नव्हतं.

मालकांनी बाह्या सारल्या, वाकले, आणि सायकल उचलून खांद्यावर घेतली. वाळूतून काठापर्यंत बरंच अंतर होतं. माझं तोंड उघडलं. त्यांनी सायकलखालून माझ्याकडं बघितलं आणि थांबले, मी काय म्हणते याची वाट बघत. सहा महिने गल्ल्यावर बसून बघत होते तशीच.

मी खांद्यावरची डब्याची पिशवी काढली आणि त्यांच्या मोकळ्या हातात दिली.

"हीपण घ्या," मी म्हणलं. "जड हाय."